जुईसाठी मांडलेली पंगत

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. मुलं जेवायला येऊ लागली, की दाराशी चपलांचा ढीग होतो, तसेच ते साठत जातात. माझ्याकडचा ढीग आमच्या नानाखेडा वस्तीतल्या घरातला आहे.

उज्जैनला तेव्हा घरोघरी केबल येत होती, किराणा दुकानांत चकचकीत पाकिटांच्या माळा लटकू लागल्या होत्या आणि मी बँकेत होतो. त्या वर्षी माझी बायको सुधा गेली. आमची मुलगी जुई सात वर्षांची होती. तिचं जेवण दोन घासांवर आलं. "बस, झालं!" मी रागावून पाहिलं, गोष्टी सांगून पाहिल्या, गुलाबजाम आणून पाहिले. दोन घास, बस! फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, तर त्याचीही बाटली तशीच पडून.

शेवटी शेजारच्या शालिनीवहिनी म्हणाल्या, "भावजी, एकट्या पोरीला घास उतरत नाही. दर रविवारी तिच्या वर्गातली मुलं जेवायला बोलवा. मी येते मदतीला. देखादेखी खाईल हो!"

बोलावली.

*

पहिला आला गोपाल. त्याचे वडील राम घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगणारे पंडे. यजमानांकडच्या जेवणांना हा वडिलांचं बोट धरून जायचा. आमच्याकडे मांडी ठोकून बसला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि खीर-पुरी अशी जेवला, की शालिनीवहिनींचा घाणा मागे पडला! मग हात धुऊन परत पाटावर येऊन बसला.

बाकीची मुलं खेळायला पळाली. हा जागचा हलेना.

"क्यों गोपाल, और चाहिए?"

"नहीं अंकल जी."

"फिर?"

नवख्या यजमानाकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "दक्षिणा?"

मी रुपया नि सुपारी ठेवली. त्यानं हात वर केला. "सुखी रहो!"

जुई खुदकन हसली. खाल्ले मात्र दोनच घास.

*

पिंकूच्या वडिलांचं देवास गेटला शेव-नमकीनचं दुकान. आपल्याकडे उज्जैनला पोह्यांवर शेव, डाळीत शेव, भाजी संपली तर शेवेचीच भाजी. म्हणून त्याला खूश करायला मी उसळीवर मूठभर जास्तच घातली. तर हा एक-एक शेव वेचून ताटाच्या कडेला लावायला लागला!

"क्यों भाई, पसंद नहीं?"

"अंकल जी, हमारे यहाँ तो तकिये से भी सेव की बास आती है." मग हळूच म्हणाला, "सादा चावल मिलेगा? बिलकुल सादा?"

मीठसुद्धा न लावता तो भात त्यानं पक्वान्नासारखा खाल्ला. शालिनीवहिनी म्हणाल्या, "बघा! अख्खं गाव याच्या बापाची शेव खातं, आणि हा आजाऱ्याचं जेवण मागतो!"

दुसऱ्या दिवशी पिंकूचे वडील हात जोडून दारात उभे. "भाई साहब, बच्चा बहुत खुश होकर आया. कहता है, ऐसा खाना कहीं नहीं खाया!"

आणि कृतज्ञता म्हणून पिशवीभर शेव देऊन गेले.

*

रोहनचे वडील थंड पेयांच्या नव्या कंपनीत मॅनेजर. तो घरून स्वतःचा चमचा घेऊन यायचा. गोपालला ते बघवेना. त्यानं वरणभात कालवायचा कसा, गोळा करायचा कसा, अंगठ्यानं तोंडात ढकलायचा कसा, असं रीतसर शिक्षण दिलं. रोहन इतका रमला, की घरी वडिलांचे साहेब जेवायला आले असताना त्यांच्यासमोर मनगटापर्यंत कालवून जेवला!

संध्याकाळी त्याची आई आमच्याकडे हजर. "भाई साहब, यह सब हमारे यहाँ नहीं चलता."

रोहन तिच्या मागेच उभा होता. "मम्मी, नानाजी के यहाँ तो आप भी ऐसे ही खाती हो!"

बाईंनी चहा घेतला नाही.

*

रजनी डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा ठेवून जेवायची. वडिलांची मिल बंद पडली होती, ते आता टेंपो चालवत. घरात भावंडांची रांग. लोणचं घ्यायला रोहन जरा वाकला, की तिचा कोपर बाहेर!

मी म्हटलं, "आराम से, बेटा. यहाँ कोई नहीं छीनेगा."

"मालूम है, अंकल जी," ती तोंडातला घास न थांबवता म्हणाली. "हाथ को नहीं मालूम."

*

मग टीव्हीच्या कृपेनं मुलांनी नूडल्सची फर्माईश केली. मी पाकिटं आणून दिली. शालिनीवहिनींनी ती उलटसुलट करून पाहिली. "त्यात काय, शेवयाच या!" म्हणाल्या. मोहरी, हळद, शेंगदाणे, कढीपत्ता अशी झणझणीत फोडणी. वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर.

मी विचारलं, "वहिनी, आतली मसाल्याची पुडी?"

"ती मसाल्याची होती? मला वाटलं, ओल लागू नये म्हणून ठेवतात. टाकली की!"

पातेलं चाटूनपुसून साफ झालं. पुढच्या आठवड्यात रोहनच्या आईनं पाकिटावर लिहिल्याबरहुकूम नूडल्स केल्या. रोहननं बशी सरकवून दिली. "ये नकली है!"

जुईनं त्या दिवशी तीन घास खाल्ले. मी रात्री डॉक्टरांना फोन करायच्या बेतात होतो. सोमवारी परत दोनवर.

*

एका रविवारी शालिनीवहिनी इंदूरला गेल्या होत्या. एरवी मी मुलांच्या पंगतीतच, जुईच्या शेजारी बसायचो. तिनं बघून खावं म्हणून. त्या दिवशी लाटणं, भाजणं, वाढणं, सगळं माझ्याकडेच. बसायचंच राहिलं. मुलं जेवून गेली. जुईचे दोन घास झाले होते, तीही अंगणात गेली.

तीनच्या सुमाराला मी उरलेल्या पोळ्या नि वांग्याची भाजी ताटात घेऊन स्वयंपाकघरात ओट्याखालीच जमिनीवर बसलो.

जुई आत आली. माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. माझ्या ताटातल्या पोळीचा तुकडा तोडला. मग दुसरा. अख्खी पोळी संपली. तिनं दुसरी घेतली. मी चावणंसुद्धा थांबवलं.

मग हळूच विचारलं, "जुई, तुझं तर मघाशीच झालं ना गं?"

"ते पंगतीतलं, बाबा." एवढं कसं कळत नाही, अशा सुरात ती म्हणाली. "तुमचं जेवून झालं, की मग मी नि आई जेवायचो ना!"

मग उठून तिनं ओट्यावरची भाजीची कढई खाली ओढली, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि माझ्या ताटाकडे नापसंतीनं पाहिलं.

"आई तर कढईतच पोळी पुसून खायची. तुम्ही ताट कशाला काढलं घासायला?"