गोल कोपऱ्यांची स्ट्रिप

आधी माझी चूक सांगतो. आई गेल्यावरही मी तिला केमिस्टकडे जिवंत ठेवली... गोळ्यांसाठी.

आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, उतारा नाही, भुताखेतांना तर दारातच मज्जाव. त्यामुळे ‘भास झाला असेल’ म्हणणाऱ्यांनो, तुमच्याइतकाच मीही कोरडा माणूस आहे.

राहायला कल्याणजवळ मोहन्यात. आईला उगाच धडधडायचं, झोप लागायची नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या. ठाण्याच्या ऑफिसात माझंही टेन्शन वाढलेलं. आधी तिच्या गोळीतली अर्धी घेतली, मग रोजच. तिला सांगितलं – डॉक्टरांनी तुझ्या कमी केल्यात. ती रात्रभर खाटेवर बसून राहायची आणि मी गाढ झोपायचो.

पुढे ती गावी गेली, तिथेच वारली. आंबिवली स्टेशनजवळच्या केमिस्टला मी ते कळू दिलं नाही. जुनी चिठ्ठी दाखवायची, तो विचारणार आई कशा आहेत, मी म्हणणार – बरी आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ऑफिसातून थेट त्याच्याकडे गेलो. पुढच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. त्याने चिठ्ठी हातातही घेतली नाही.

“आई आत्ताच येऊन गेल्या. तब्येत तुमच्यापेक्षा बरी दिसली, साहेब. मलाच झापलं... पोराला गोळ्या देऊ नको, मला आता झोप लागते म्हणाल्या. आणि ही परत देऊन गेल्या.”

त्याने काउंटरवर एक स्ट्रिप ठेवली. अर्धी संपलेली, मागे निळ्या पेनची रेघ. ‘आज इथपर्यंतच’ म्हणून ती रेघ दुपारी ऑफिसात मीच मारलेली, आणि स्ट्रिप ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलेलं. फक्त आता तिचे चारही कोपरे गोल कापलेले होते. बोटाला टोचतात म्हणून आई प्रत्येक स्ट्रिपचे कोपरे कात्रीने असेच कापायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ड्रॉवर उघडला. कुलूप शाबूत. आत स्ट्रिप नाही.

आता बोला. गोळ्यांनी माझं डोकं फिरलं म्हणायचं तर खुशाल म्हणा... पण केमिस्ट काय खात होता? स्पष्टीकरण माझ्याकडेही नाही. तरी यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन सगळं सांगितलं. एकदम बंद करायच्या नाहीत म्हणाले. माझ्या गोळ्या ते हळूहळू, आणि खरंच, कमी करतायत. झोप लागत नाही. लागू नये.

डॉक्टरकडून आलो त्या संध्याकाळी आईच्या खाटेवर बसलो, समोर तिचा फोटो. बायको दारात उभी होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी मोठ्यानेच म्हणालो, “आई, डॉक्टरांनी नव्हत्या कमी केल्या. मीच खात होतो. माफ कर.”