मायचं डोकं ठिकाणावर होतं

हे मी बावीस वर्षं टाळलं. नातेवाइकांत टाळलं, ऑफिसात टाळलं, विहारात भाषणं केली तिथंही टाळलं. लोकांनी माझ्याशी काय काय केलं ते मी पुष्कळ सांगितलं. मी काय केलं ते गिळलं. बायको तेव्हा शेजारीच होती. तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

आता लिहितो. मागच्या महिन्यात माझ्या मुलीनं, पल्लवीनं, एका परक्या माणसाला माझ्यासमोर हसत सांगितलं, "आमची आजी जरा सरकलेली होती."

नव्हती. ते खोटं माझं आहे. ते कसं जन्मलं ते ऐका.

माझी बदली अमरावतीहून अकोल्याला झाली होती. मी पाटबंधारे खात्यात लिपिक. मे महिना. डोक्याला ओला रुमाल बांधून मी घर शोधत होतो. एका कॉलनीत वरच्या मजल्यावर तीन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं. घरमालक ओट्यावर बंगईवर बसले होते. गावाकडं मोठी शेती, शहरात दोन मजली घर. त्यांनी मला बस म्हटलं नाही. झोका पुढं आला की त्यांचे पाय माझ्या पँटला लागतील म्हणून मी एक पाऊल मागं सरायचो. झोका मागं गेला की एक पाऊल पुढं. असं मी दहा मिनिटं करत होतो. बेचाळीस वर्षांचा माणूस. दोन लेकरांचा बाप.

"आडनाव तं सांगतलं तुमी. पन या आडनावाचे दोन्हीकडे असतेत."

मी डोक्याचा रुमाल सोडला.

"गाव?"

मी गावाचं नाव सांगितलं. "तिवसा तालुका."

"गावात घर कोनीकडे? मारुतीच्या पाराजवळ, का खालतं?"

खालतं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. मलाही. आमचं घर खालतंच होतं. नाल्याच्या काठाला, गावाचं सांडपाणी जिकडं वाहतं तिकडं.

"पाराजवळ," मी म्हणालो.

झोका थांबला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग आल्याबरोबर सत्यनारायण घाला. आमच्या वरच्या खोल्यांत येनारा पहिले पूजा घालते. रीतच हाय. काहून, काई अडचन?"

"नाही. अडचण कसली?"

माझ्यापुढं दुसरी जागा नव्हती असं कुणी समजू नये. होती. ऑफिसातला रामटेके आमच्याच समाजाचा. त्यानं त्याच्या घरामागच्या दोन खोल्या देऊ केल्या होत्या. विहार हाकेच्या अंतरावर, शेजारी सगळे ओळखीचे. मी जाऊन पाहून आलो आणि नाही म्हणालो. नाली उघडी होती हे खरं. पण मी नालीसाठी नाही म्हणालो नाही. कॉलनीची कारणं मी कागदावर लिहिली होती: शाळा जवळ, नळाला पाणी बरं, लोक चांगले. चांगले लोक म्हणजे कोण, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, इतकं ते माझ्या हाडात बसलं होतं.

अमरावतीला घरी आल्यावर मायनं विचारलं, "त्या कालनीत आपलं कोनी हाय काय?"

"आपलं कोणी नाही म्हणूनच घेतली," मी म्हणालो.

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं फक्त मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मायबद्दल सांगितलं पाहिजे. छप्पन साली ती बारा-तेरा वर्षांची पोर होती. आईबापांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. मग घरातले सगळे देव टोपल्यात भरून वर्धेच्या पात्रात सोडले. टोपलं तिच्या डोक्यावर होतं. ती सांगायची, "लय जड होते बाप्पा. मान दुखून राहिली होती. परत येतानी टोपलं रिकामं, तं मी पळतच आली." हे सांगताना साठीची बाई हसायची, ती त्या पोरीसारखी. सही सोडून तिला लिहिता येत नव्हतं. बावीस प्रतिज्ञा मात्र पाठ होत्या, आणि त्या ती पाळायची. मी त्या पाठ म्हणायचो.

मायला मी पूजेचं आधी सांगितलंच नाही. सकाळी चौरंग आला, केळीचे खांब आले, तेव्हा तिनं पाहिलं.

"हे काय होय?"

"घरमालकाची रीत आहे. एका दिवसाचं काम. तू मागच्या खोलीत पडून राहा. तुझी तब्येत बरी नाही असं सांगतो."

"माही तब्येत बरी हाय."

"माय, लेकरांच्या शाळेसाठी करतोय."

ती उठली. पेटीतली बुद्धाची छोटी मूर्ती काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली, मांडीवर घेऊन मागच्या खोलीत बसली. दार मी लोटलं.

घरमालकांनी मला त्यांचं सोवळं नेसायला दिलं. ते नेसता येईना, तेव्हा त्यांनीच निऱ्या घालून दिल्या आणि गालात हसले. मी आणि बायको पाटावर बसलो. बायकोनं अख्खी पूजा मान खाली घालून काढली. गल्लीतल्या दहा-बारा बायका, चार-पाच पुरुष. गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

आम्हाला कुठलं गोत्र?

"काश्यप लावा," घरमालक मागून म्हणाले. "ज्याले मालूम नाही त्याले तेच चालते."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, माणूस मदत करतोय.

आरती झाली. घरमालकीणबाई प्रसादाची वाटी घेऊन मागच्या खोलीकडं गेल्या. म्हातारीला शिरा द्यावा, आजारी आहे बिचारी. मी उठेपर्यंत त्यांनी दार उघडलं होतं. माय ताठ बसलेली. मांडीवर मूर्ती, लुगडं बाजूला सारलेलं.

तिनं वाटीकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. प्रत्येकाला ऐकू गेलं.

"बाई, राग नोको मानू. मी बौद्ध हावो. माहा पोरगाई बौद्ध हाय. हा परसाद मले चालत नाही."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. पल्लवी माझ्याजवळ उभी होती, दहा वर्षांची, हातात शिऱ्याचा द्रोण.

आणि मी हसलो. हो, हसलो. म्हणालो, "मनावर घेऊ नका. वर्षभरापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. काहीही बोलते. कुणालाही काहीही म्हणते."

"होते, होते," घरमालक म्हणाले. "म्हातारपनी होते."

बायका हळहळल्या. एक म्हणाली, "माझ्या सासूचंही असंच झालं होतं." मग सगळे शिरा खायला लागले. मीही खाल्ला. मायच्या डोळ्यांसमोर खाल्ला.

तिनं मूर्तीवर पुन्हा लुगडं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन खाली उतरली. मी मागं गेलो. स्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती. मी म्हणालो, "माय, समजून घे." ती पायरी चढून वर गेली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "पागल मानसाले काय समजते, बाबू?"

गाडी गेली. मी तिथून ऑफिसला गेलो. मस्टरवर सही केली.

आठ-दहा दिवसांनी घरमालकांनी मला ओट्यावर बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. चहा दिला. स्टीलच्या पेल्यात. त्यांच्या हातात कपबशी होती.

"साहेब, आमाले पहिल्या दिवशीच मालूम होतं," ते झोका घेत म्हणाले. "तुमच्या गावात माही मावशी देली हाय. तुमचं घर खालतं हाय. म्या म्हटलं, पाहू तं खरं, मानूस कुठलोक वाकते. पूजेले बसले तुमी. चांगलं केलं. तुमच्यावाल्यात असे सुधारलेले कमी. फक्त तुमचे पाव्हने जास्त येऊ देऊ नका."

मला त्या क्षणी काय झालं ते सांगणं कठीण आहे. माझं काहीच लपलं नव्हतं. लपवायला काही उरलंच नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मला नेसवलं, बसवलं, गोत्र चिकटवलं, माझ्या तोंडून माझ्या आईला वेडी म्हणवलं. तमाशा पाहिला. आणि वर शाबासकी दिली! ज्या कॉलनीसाठी मी माय विकली, त्या कॉलनीनं मला पेला वेगळा ठेवला होता.

मी पेला खाली ठेवला. चहा तसाच. उभा राहिलो. समोरच्या घरातल्या बाई रांगोळी टाकत होत्या, शेजारचे मास्तर पेपर वाचत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "माझ्या मायचं डोकं ठिकाणावर आहे. ती खरं बोलली. खोटं मी बोललो. आम्ही बौद्ध आहोत, आमचं घर खालतं आहे, आणि या घरात मी राहत नाही."

"अरे, रागावता काहून?" घरमालक म्हणाले. झोका चालूच होता.

महिना संपायच्या आत आम्ही रामटेकेच्या दोन खोल्यांत गेलो. लेकरं तिथूनच शिकली. नाली उघडीच होती. कुणी आमचं गाव विचारलं नाही.

पण पाहा, मी काय केलं. जे मायसमोर बोलायचं, ते मी त्या गल्लीसमोर बोललो. माय ऐकायला तिथं नव्हती. अमरावतीला जाऊन मी तिला एवढंच सांगितलं, "घर बदललं. आता चल."

"आता काहून? माह्या डोक्साचं औषध तिथं भेटते काय?"

ती आली नाही. शेवटपर्यंत अमरावतीच्या जुन्या घरी एकटी राहिली. चौदा वर्षं. तिची बुद्धी शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख होती. शेजारच्या पोरांचे वाढदिवस, गावातल्या प्रत्येक घराच्या सुना, सगळं तोंडपाठ. मी दारात दिसलो की म्हणायची, "ये बाप्पा. मी कोन हावो, सांग बरं. मले ध्यानात नाही रायत म्हने." आणि माझ्याकडं पाहत राहायची. थांबायची. दर वेळी थांबायची. ती वाट पाहत होती हे मला दर वेळी कळत होतं. मी हसून पिशवीतली संत्री काढायचो.

निवृत्तीनंतर आम्ही अमरावतीला परतलो, आणि आता पल्लवीची बदली तिथून अकोल्याला झाली आहे. ती मला म्हणाली, "बाबा, मी शाळेपुरतंच अकोला पाहिलं, तुम्हाला गल्ली न गल्ली माहीत आहे, घर पाहायला चला." दलालानं आडनाव ऐकून डोळे बारीक केले, तेव्हा मी एक पाऊल मागं सरलो. बोलता बोलता मी त्या कॉलनीचं नाव घेतलं, तिथं थोडे दिवस होतो म्हणालो. दलाल म्हणाला, "काका, इतकी चांगली कॉलनी, सोडली काहून?" आणि पल्लवी हसून बोलून गेली, "आमची आजी जरा सरकलेली होती ना, तिनं पूजेत गोंधळ घातला."

दहा वर्षांच्या पोरीनं बापाचं वाक्य ऐकलं होतं. बापानं तो शब्द गल्लीसमोर मागं घेतला, पोरीसमोर कधीच नाही. आजीचं "मी कोन हावो, सांग बरं" तिनं भेटीत ऐकलं, आणि बावीस वर्षं तेच खरं धरलं. उद्या ती तिच्या लेकराला तेच सांगेल. माझी माय त्या घरात एकटीच शहाणी होती, आणि माझ्या रक्ताच्या पोरांत ती वेडी म्हणून राहणार!

राहणार नाही. हे मी पल्लवीच्या हातात देणार आहे, आणि तिनं माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचं आहे. दलालाला मी सांगितलं आहे, घर दाखवायच्या आधी मालकाला आमचं सगळं सांग. ज्याला पाराजवळचे हवेत, त्याच्या दारात आम्ही पाऊल टाकत नाही. प्रत्येक फाटकाशी मी स्वतः उभा राहणार आहे. मागंपुढं सरणार नाही.

मायचं राहिलं. शेवटच्या वेळी ती दवाखान्यात होती. मला जवळ बोलावलं. म्हणाली, "सांग ना रे बाबू. माहं डोक्सं ठिकानावर हाय काय?"

शब्द तोंडात होते. माय, माझं चुकलं. तीनच शब्द.

मी म्हणालो, "संत्रं सोलून देऊ?"