बिनपेन्सिलचा प्रीतम

अमरावतीत प्रीतमच्या चित्रांपेक्षा त्याच्या एका खोडीचंच कौतुक जास्त. हा गडी पेन्सिल लावत नाही! कॉमिक्सचं अख्खं पान, माणसं, बैल, एसटी, भांडणं, सगळं थेट शाईत. डोकं कुठे आणि पाय कुठे एवढ्यापुरती दोनतीन बारीक टिंबं टेकवायची, की ब्रश शाईत बुडवून सुरू. खोडरबर त्याच्या टेबलावर औषधालाही सापडायचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पेन्सिल भेकडायसाठी असते भाऊ. मनात हाय ते हातात येते, हातात आलं ते कागदावर." आता एवढी शेखी मिरवावी का माणसानं? पण हात खरंच तसा होता, म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजानं त्याला सगळ्यांसमोर चित्र काढायला बोलावलं. सत्कारही होता. प्रीतमनं तेल्हाऱ्याहून आपल्या मायला, जाईबाईला, मुद्दाम बोलावून घेतलं. ती सकाळच्या गाडीनं आली. फ्लॅटच्या दारात पोचली, आतल्या पांढऱ्या फरश्या पाहिल्या, चपला काढून काखेत मारल्या आणि सुनेला विचारलं, "पाय ठेवू काय वं, दीक्षा?"

"अवो आई, घर तुमचंच हाय ना," दीक्षा म्हणाली. तरी जाईबाई चवड्यांवरच आत आली. प्रीतमनं ते पाहिलं, थोडा हसला आणि तयारीला लागला.

दुपारी हॉल खचाखच भरला. प्रीतमचा हात कॅमेऱ्यातून मोठ्या पडद्यावर दिसत होता. दीक्षा आणि जाईबाई पुढेच बसल्या होत्या. सूत्रसंचालन करणारा पोरगा मोठा चटपटीत. तो म्हणाला, "सर, गावाकडची बाई पहिल्यांदा मॉलमध्ये येते! होऊन जाऊ द्या!"

प्रीतमनं टिंबंसुद्धा दिली नाहीत. टाळ्या पडत होत्या, हात सुटला होता. आधी नाक आलं, मग डोक्यावरचा पदर, मग पुढे वाकलेली पाठ. काखेत चपलांचा जोड आला. पाय आले ते चवड्यांवर. हॉल हसायला लागला तसा ब्रश आणखी जोरात पळाला. शेवटी त्यानं बाईच्या तोंडासमोर फुगा काढला आणि त्यात लिहिलं, "पाय ठेवू काय वं?"

हॉल नुसता फुटला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. प्रीतमनं हसत मान वर केली आणि पडद्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय काढलं. नाक जाईबाईचं होतं. हनुवटीवरचं गोंदणही तिचंच, एक टिपका इकडचा तिकडे नव्हता. पेन्सिल असती तर पहिल्याच रेघेला हात थबकला असता, खोडलं असतं, दुसरीच कोणी बाई काढली असती. शाईला थबकणं माहीत नसतं.

समोर जाईबाई सगळ्यांबरोबर हसत होती. मग फुगा वाचला आणि हसणं जागच्या जागी थांबलं. तिनं आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

इथवर चूक हाताची म्हणता आली असती. पण त्या चटपटीत पोरानं माईक पुढे केला, "सर, कोण आहे ही बाई?"

आणि प्रीतम म्हणाला, "कोणी नाही. कल्पनेतली."

घ्या! एवढा बिनपेन्सिलचा वाघ, आणि मायचं नाव सांगायला जीभ रेटली नाही.

ऑटोतून उतरताना जाईबाई एवढंच म्हणाली, "हात मोठा साफ हाय तुहा." दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं निघून गेली.

प्रीतमला सगळं माहीत होतं, हीच तर मोठी लाज. जाईबाईनंच त्याला लहानपणी सांगितलं होतं. तिच्या माहेरी गावातल्या मोठ्या घरापुढून जाताना तिची माय चपला हातात घ्यायची. घ्याव्याच लागत. पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरात बाबासाहेबांचा फोटो लागला, पण पोटासाठी त्याच घरी कामाला जाणाऱ्या बाईच्या मनातला धाक एकदम कसा जाईल? मायचं बोट धरून चालणाऱ्या पोरीच्या अंगात ती सवय मुरली, आणि पुढे कुठेही चकचकीत फरशी दिसली की तिच्या चपला आपोआप काखेत यायच्या. ही गोष्ट ऐकून प्रीतम लहानपणी रडला होता. आणि मोठा होऊन त्यानं तिच्यावर हॉलभर लोक हसवले.

त्यानंतर त्याचा हात अडला. दुकानातून पेन्सिली आणल्या, रबरं आणली. काढायचा, खोडायचा, कागदाला भोक पडेस्तोवर खोडायचा. दीक्षानं पाहिलं तर माणसाला तोंड दाखवायची लाज वाटावी तसा टेबलावर हात आडवा धरायचा. मायला रोज फोन करायचा. ती कपाशीचं सांगायची, थंडीचं सांगायची, त्या दिवसाचं अक्षर काढायची नाही. "माय, माह्यं चुकलं," एवढे तीन शब्द ओठापर्यंत यायचे आणि हा म्हणायचा, "जेवली काय?"

शेवटी दीक्षाच वैतागली आणि तिनं सासूला बोलावून घेतलं.

जाईबाई आली. दार उघडंच होतं. या खेपेला तिनं काही विचारलं नाही. धुळीच्या चपला पायात तशाच ठेवून फटफट वाजवत पांढऱ्या फरशीवरून सरळ प्रीतमच्या टेबलापाशी आली. मागे दारापासून ठसे उमटले होते.

"काढ आता मले," ती म्हणाली.

प्रीतमनं मान खाली घालून पेन्सिल उचलली.

"ते ठेव. त्या दिवशी पेन्सिल कुठी लागली होती?"

त्यानं पेन्सिल ठेवली. ब्रश घेतला, शाईत बुडवला. "माय, माह्यं चुकलं."

"हो, चुकलं. काढ."

त्यानं काढलं. नाक वाकडं आलं, पदराची रेघ फाटली, पाठ मात्र सरळ आली. चपला पायांत आल्या. जाईबाईनं चित्रातल्या बाईकडे बोट केलं.

"आता कोनी इचारलं, हे बाई कोन हाय, त काय सांगशीन?"

"माही माय."

"मंग तवा काहून नाही सांगतलं रे?"

ती रागावून नव्हती विचारत. खरंच विचारत होती. प्रीतमनं तिच्या पायांतल्या धुळीच्या चपलांकडे पाहिलं, आणि ब्रशावरची शाई तिच्या चित्रातल्या पायांशी टपकत राहिली.