प्रधान सरांचं गप्प राहणं

प्रधान सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून हा ग्रंथ निघतोय. त्यात मोठमोठ्या वक्त्यांनी लिहिलं आहे. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि माझी नात लिहिते. माझं ‘हाय’ आणि ‘नाय’ ती गुपचूप ‘आहे’ आणि ‘नाही’ करते, ते मला कळतं. चालू द्या, समारंभाचं लिखाण आहे.

सरांची माझी ओळख पापलेटवरून झाली. पनवेलच्या मासळी बाजारात आम्हा बायकांची पिढीजात बसायची जागा आहे, तिथं हिराबाई म्हटलं की कुणीही माझी टोपली दाखवतं. सर तेव्हा शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, हातात कापडी पिशवी. आले, पापलेटाचा कल्ला उघडून बघितला, भाव विचारला. मी सांगितला. सर काहीच बोलले नाहीत, नुसते पापलेटाकडे बघत उभे राहिले. दुसरं गिऱ्हाईक ‘मावशी, काय लूट लावली’ म्हणतं, त्याला मी चार शब्द सुनावते आणि माझा भाव शाबूत राहतो. पण न बोलणाऱ्याचं काय करायचं?

मीच म्हटलं, “बरं, तुमाला म्हनून कमी करते.”

सर गप्प.

“आनखी थोडं कमी. सकालची बोहनी हाय.”

तरी गप्प. शेवटी पापलेट दिलं, वर मूठभर कोलंबी घातली, तेव्हा सर म्हणाले, “हिराबाई, मी फक्त ते ताजं आहे का बघत होतो.”

पुढे कळलं की हेच सर संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये भाषण कसं करावं याचा वर्ग घेतात. मला वाटलं होतं, बोलायला शिकवत असतील. ते शिकवायचे थांबायला. कॉलेजातली मुलं यायची, वकील यायचे, निवडणुकीला उभे राहणारे यायचे. सरांनी कधी कुणाला भाषण लिहून दिलं नाही. एक उमेदवार फारच मागे लागला, तेव्हा म्हणाले, “भाषण तुमचं तुम्ही आणा. कुठं थांबायचं ते मी सांगतो.” तो म्हणाला, “सर, थांबलो तर लोक उठून जातील.” सर म्हणाले, “बोलत राहिलात तरी जातील. थांबलात तर कोण गेलं ते निदान दिसेल.”

आमच्या कोळीवाड्यात मात्र या थांबण्याची चांगलीच फजिती झाली. दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कार होता आणि सर पाहुणे होते. आमच्याकडे रीत अशी, की पाहुण्यांचं बोलणं संपलं की बेंजोवाल्यांनी सुरू करायचं. सर उभे राहिले, म्हणाले, “मुलांनो, आयुष्यात एकच गोष्ट महत्त्वाची असते,” आणि त्यांच्या सवयीनं थांबले. बेंजोवाल्यांना वाटलं, संपलं. त्यांनी जी सुरुवात केली, त्यात सत्काराची मुलं नाचली, त्यांच्या आया नाचल्या, मीही थोडी नाचले. सर माईकपाशी हात बांधून शांत उभे. गाणं संपल्यावर त्यांनी तेच वाक्य पुढे चालवलं, “ती म्हणजे वेळेवर सुरुवात करणं. बेंजोवाल्यांकडून शिका.”

माझे मालक गेले तेव्हा समाचाराला पुष्कळ माणसं आली आणि पुष्कळ बोलली. कसे गेले, कधी गेले, डॉक्टर काय म्हणाले, प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगत होते. सर आले, ओसरीवर बसले, बिनसाखरेचा चहा घेतला आणि बराच वेळ बसून राहिले. जाताना “येतो” एवढंच म्हणाले. तेवढा वेळ मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्या दिवसातला माझा विसावा तेवढाच.

मग आमच्या जागेवरच गदा आली. रस्ता रुंद होणार, मासळीवाल्यांनी हायवेपलीकडच्या मैदानात बसावं, असं ठरलं. तिथं पाणी नाही, सावली नाही, गिऱ्हाईक तर नाहीच. दोन-दोन पिढ्या चालवलेला धंदा मैदानात सुकत घालायचा, सुकटीसारखा. नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांपुढे सभा ठरली आणि बायकांनी बोलायला मला पुढे केलं, कारण बाजारात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही.

मी सरांकडे गेले. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. म्हणाले, “तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. साहेबांना काही कामच उरत नाही. एकच प्रश्न विचारा आणि तोंड मिटा.”

“आनि साहेब बोललेच नाय तर?”

“आवंढा गिळा.”

“आनि परत नाय बोलले तर?”

“दुसरा गिळा.”

आठवडाभर त्यांनी मला आवंढे गिळायला लावले. घरी जेवण जाईना.

सभेत मी उभी राहिले. हॉल भरला होता, सर शेवटच्या रांगेत होते. मी म्हटलं, “साहेब, उद्या सकाली माल येल. आमी टोपली कुठं उतरवायची?” आणि तोंड मिटलं.

साहेबांनी कागद चाळले, पंख्याकडे बघितलं, पाणी प्याले. शेजारच्या चांगुणानं मला कोपर मारलं, “गो हिरा, इसरलीस काय? मी सांगू?” मी तिच्या पायावर पाय दिला. सरांकडे बघितलं, तर ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

साहेब म्हणाले, “तसं उद्याच जायला हवं असं नाही.”

मी आवंढा गिळला.

“पावसाळा होऊन जाऊ दे.”

आणखी एक गिळला. त्या क्षणी मला साहेबांची दया आली. पापलेटापाशी माझं झालं होतं, तेच त्यांचं होत होतं.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. “बरं, रस्त्याची आखणी जरा सरकवून बघू. तुम्ही आहात तिथंच बसा. ओटे बांधून देऊ.”

आता पाण्याचं, बर्फाचं, सगळंच सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर मागून सर खाकरले. मी खाली बसले. साहेबांनी सगळ्यांदेखत तेच कागदावर लिहायला सांगितलं. बाहेर पडल्यावर मी खाकरण्याचं कारण विचारलं. सर म्हणाले, “मिळालं की उठावं. जास्त बोललं की दिलेलं परत घ्यायला वाट मिळते.”

ओटे झाले. माझी सून आता तिथं बसते आणि मी मागे बसून तिच्या चुका काढते.

सरांना दीर्घायुष्य चिंतावं, असं या ग्रंथवाल्यांनी कळवलं होतं. नुसतं चिंतून काय होणार, म्हणून मी कार्ल्याला जाऊन आले. आई एकवीरेला म्हटलं, आमच्या सरांना शंभर वर्षं दे, पायऱ्या चढतील असे गुडघे दे आणि दात शाबूत ठेव, मासे खाणाऱ्या माणसाला दातांवाचून आयुष्य कशाला? एवढं सांगून तोंड मिटलं आणि उभी राहिले. पुजारी म्हणाला, “आजी, झालं ना मागून? पुढं सरका.” मागे रांग खोळंबली, माणसं कुरकुरली. मी आईच्या तोंडाकडे बघत आवंढे गिळत राहिले. ती ‘बरं’ म्हणेपर्यंत काही हलले नाही.