बाजूची सीट

आमच्या गोत्री भागातल्या गॅरेजवाल्याला गाडीत काही ठेवलेलं बघवतच नाही. अलकापुरीचे हौशी लोक चांगल्या चालत्या गाड्या आणतात. हा त्यांत मोठं इंजिन बसवतो आणि सीटा, गालिचे, एसी सगळं उपटून फेकतो. "वजन ओछुं करा, गाडी उडेल!" मग ती गाडी उडते आणि चौकात म्हशींच्या मागे उभी राहते. आत मालक घामाने निथळतो, पण तोरा केवढा!

मी माझी जुनी गाडी नुसतं ऑइल बदलायला नेली. माझा चहा होईपर्यंत यानं बाजूच्या सीटचे बोल्ट सोडले.

"काका, तुम्ही एकटेच ना? ही सीट खालीच असते, कोण बसतंय? काढून टाकू."

"हात लावू नकोस, गाढवा. तिथे माझी बायको बसायची. अजून वर्षश्राद्धही झालं नाही."

त्यानं लगेच पाना उचलला. बोल्ट आवळले, सीट फडक्याने पुसली. मग गाडी चालवून बघायला निघालो, तर हा जाड्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

"अरे, पुढे ये की."

"ना काका, इथे मजामा आहे."