यातले तुम्ही कोणते?

वाचनालयातलं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं आणि पडद्यावर माझं नाव दोनदा दिसू लागलं. तेच नाव, तोच पत्ता. एकाने कादंबरी नेलेली, दुसऱ्याने काहीच नाही.

"यातले तुम्ही कोणते?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "प्रत्येक सभासदाची एक प्रायमरी की असते. दुसऱ्या कुणाला न मिळणारा क्रमांक. अपग्रेडमध्ये तीच गेली. आता एकच माणूस दोनदा आला तरी कॉम्प्युटर हरकत घेत नाही. बाकी सगळं जागच्या जागी आहे."

मला नेमका त्या शेवटच्या वाक्याचा संशय आला. सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून तर काय गेलंय ते कुणी शोधत नाही. परतताना कोपऱ्यावरचे शेजारी ओळखीचं हसले. कुणाकडे बघून हसले, कोण जाणे.

घराची बेल वाजवली.

"कोण?" आतून बायकोने विचारलं.

"मी," म्हणालो. इतकी वर्षं एवढंच म्हणत आलोय.

तिने लगेच कडी काढली आणि मागे वळूनही न बघता स्वयंपाकघरात गेली. मी चपला न काढता दारातच उभा राहिलो. एवढ्यावर हिने दार उघडलं कसं?