काकूंचं नाव

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमचे हे माझ्यापासून काही लपवत नाहीत, असं ती चारचौघांत सांगते आणि मी शेजारी उभा राहून हसतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बोलायला जमतंय. ओळखत असतात तर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

शिकागोच्या बाहेर, शॉमबर्गला आमचं मराठी मंडळ होतं. गणपती शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा — रविवारी विसर्जन उरकलं की टेबलं पुसायची, चावी परत करायची. स्वतःची वास्तू हवी असं सगळेच म्हणायचे, आणि वास्तू समितीचा अध्यक्ष होतो मी. पण २००१ नंतर धडाधड नोकऱ्या जायला लागल्या. देणगी बोललेली माणसं फोन उचलेनाशी झाली. माझीही नोकरी गेली होती. दिवसभर घरी बसून रेझ्युमे पाठवायचे, मुलीला बसवर सोडायचं, शेजाऱ्याची नजर चुकवायची... आणि मंडळात गेलं की अध्यक्ष! तेवढी एकच जागा उरली होती जिथे लोक मला उठून खुर्ची देत. हे कारण म्हणून सांगत नाहीये. होतं ते सांगतोय.

तेव्हा मी ही योजना आणली. इथे बऱ्याच संस्था तसं करतात. तुमचे शेअर्स, तुमची पुंजी संस्थेला कायमची देऊन टाकायची. बदल्यात संस्था तुम्हाला जिवंत असेपर्यंत दर तीन महिन्यांनी ठरलेली रक्कम देणार. तुम्ही गेलात की उरलेलं सगळं संस्थेचं. नीट केलं तर चांगली गोष्ट आहे — म्हातारपणीची काळजीही मिटते, दानही होतं. एकाच्या नावावर करता येतं किंवा नवराबायको दोघांच्या. दोघांची नावं घातली तर हप्ता थोडा कमी बसतो, पण एक गेला तरी मागे राहिलेल्याला शेवटपर्यंत मिळत राहतं. आणि एकदा सही झाली की झाली, मागाहून नाव घालता येत नाही. एवढं लक्षात ठेवा.

पहिले तयार झाले पेंडसेकाका. एका मोठ्या कंपनीत जन्मभर इंजिनिअर, आता रिटायर. मूलबाळ नाही. काकू आणि ते, दोघंच. बाजार कोसळला तेव्हा काकांचे निम्मे शेअर्स मातीमोल झाले होते आणि उरलेल्यांचीही त्यांना धास्ती होती. काकूंना शेअर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, चेकवर सहीसुद्धा कधी केलेली नव्हती. कागद करायच्या आधी स्वतःचा वकील घ्या, असं मी नियमाप्रमाणे सांगितलं. काका हसले. म्हणाले, वकील कशाला, तू घरचाच आहेस. आपल्या माणसांचं असंच असतं, नाही का? परक्याचा कागद भिंग लावून वाचतील, आणि घरचा म्हटला की डोळे मिटून सही.

सहीच्या आधी काकांची कसली तरी तपासणी होती. बर्फ पडलेलं, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा मला मुलगा समजले, आणि काकांनी ते खोडून काढलं नाही. त्यामुळे मी ऐकलं. पोटात होतं, पसरलं होतं. वर्षभराची भाषा नव्हती, महिन्यांची होती.

गाडीत बसल्यावर काकांनी पट्टा लावला. मग म्हणाले, हे आपल्या दोघांत ठेव, हिला आत्ताच नको. आणि कागदावर दोघांची नावं घाल, तिचं तेवढं झालं म्हणजे मी मोकळा. मी म्हटलं, काका, ते माझ्याकडे लागलं.

त्यांना सोडलं आणि मी गाडी तशीच उभी ठेवून बसून राहिलो. तुम्हाला वाटेल, दुःखात. नाही हो. मी हिशेब करत होतो. काकू खणखणीत होत्या, जिने भराभर चढायच्या, त्यांची आई नव्वदीच्या पुढे जगली होती. त्यांचं नाव कागदावर गेलं की मंडळाच्या हाताला वीस वर्षं काही लागणार नव्हतं. आणि एकट्या काकांचं नाव असलं तर...? तर उन्हाळ्यापर्यंत. हा शब्द माझ्या मनात आला — उन्हाळ्यापर्यंत. मला त्याची शिसारी आली, खरंच आली. पण मी तो घालवून दिला नाही.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. बॅगेत दोन्ही कागद होते, एका नावाचा आणि दोघांचा. आधी दोघांचाच बाहेर काढला, तेवढी लाज शिल्लक होती. पण काका गेल्यावर तुम्हाला मिळत राहील, एवढं वाक्य बोललो मात्र, काकूंनी पोह्यांची बशी दाणकन ठेवली. म्हणाल्या, भरल्या घरात असलं अभद्र बोलू नकोस. माझं नाव कशाला? मी ह्यांच्या आधी जाणार, सवाष्ण जाणार. ह्यांना जास्त मिळतं ते कर.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलू शकत नव्हते. बोलले असते तर काकूंनी का म्हणून विचारलं असतं, आणि मग डॉक्टरांचं सगळं बाहेर आलं असतं. बोलायचं मी होतं. एक वाक्य पुरलं असतं — काकू, नियम आहे, दोघांची सही लागते. एवढं खोटं मला जमलं नसतं? मी दुसरं खोटं बोललो. म्हटलं, काकूंचं बरोबर आहे, आत्ता एकच नाव ठेवू, दुसरं मागाहून घालता येतं. आणि काकांकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे मी काहीतरी युक्ती काढली आहे असं त्यांना वाटावं. त्यांना तसंच वाटलं. त्यांनी सही केली. मी पोहे खाल्ले, मागून घेऊन खाल्ले.

जूनमध्ये काका हॉस्पिटलमध्ये होते. काकू खाली कॉफी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, नाव घातलंस ना? मी म्हटलं, घातलं काका. त्यांनी माझा हात धरून ठेवला, काकू परत येईपर्यंत. दोन दिवसांनी फोन आला. बातमी ऐकून आधी काय मनात आलं ते तुम्ही ओळखलं असेल.

वास्तू झाली. छान झाली. उद्घाटनाला दिवा कोणी लावायचा यावरून समितीत कुजबुज झाली. विधवा बाईंनी कसा लावायचा, म्हणे. मी ताडकन उठून भांडलो. काकूच लावतील म्हटलं, आणि लावला काकूंनी. लोक म्हणाले, माणूस पुढारलेला आहे.

तोपर्यंत काकूंचं टाऊनहाऊस विकायला निघालं होतं. हप्ता काकांबरोबरच थांबला होता; नाव मागाहून घालायच्या आत ते गेले, असं मी काकूंना सांगितलं होतं. इथे म्हातारपणी सरकार देतं ते पेन्शन घराच्या टॅक्समध्ये आणि औषधांत जायचं; घराचे पैसे आले ते बँकेचं कर्ज फेडण्यात गेले. सत्तरी उलटलेली बाई एका आयटीतल्या जोडप्याकडे त्यांचं बाळ सांभाळायला राहायला गेली, बेसमेंटमधल्या खोलीत. सामान हलवायला मीच गेलो होतो, दुसरं कोण जाणार? स्टीलचे डबे कागदात गुंडाळता गुंडाळता काकू मध्येच थांबल्या. म्हणाल्या, खरं सांग, ह्यांच्या दुखण्याचं तुला तेव्हा काही कळलं होतं का रे?

मी म्हटलं, नाही काकू.

मग माझीच जीभ काळी, नाव नको म्हणून बसले, त्या म्हणाल्या, आणि पुढचा डबा घेतला.

मी तेव्हाच बोलू शकलो असतो. पैसे परत येणार नव्हते, पण निदान तो दोष त्यांच्या डोक्यावरून उतरला असता. मी म्हटलं, जाऊ द्या काकू, नशीब. आणि त्यांनी तो दोष खराच धरला. पुढे मंडळात नवीन लग्न झालेली मुलगी दिसली की काकू तिला जवळ बसवायच्या. नवरा सांगेल तिथे मुकाट्याने सही कर ग, म्हणायच्या, माझ्यासारखा शहाणपणा करू नकोस, मी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. त्या पोरी माझ्याकडे बघायच्या. मी चहाचे कप गोळा करत असायचो.

२००८ च्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. खोलीत आम्ही दोघंच, त्या पूर्ण शुद्धीवर, मला कुठे जायची घाई नाही. त्या म्हणाल्या, तिथे हे भेटले की आधी पाय धरीन. म्हणेन, तुम्ही माझी सोय करत होतात, मीच हट्टाने मोडली. मग त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी पाजलं, उशी सरळ केली आणि घरी आलो.